पंजा उलटा ठेवून

टेबलावर नको, मी म्हणाले, खाली सोड तिला.
आधी चालणं बघू दे.
कान, डोळे, रक्त, ते सगळं मागाहून.

रुपेर्तोनं पोंचोत गुंडाळून आणलेली चिस्पा
फरशीवर ठेवली, जशी काठोकाठ भरलेली परात ठेवावी.
चिस्पा म्हणजे ठिणगी.
कोयाइकेच्या पलीकडच्या उतारांवर चारशे मेंढ्या
ती नुसत्या नजरेनं वळवायची म्हणे.
ती दाराकडे निघाली
आणि भिंतीपाशी पोचली.

मागचे पाय भेलकांडत पुढच्यांना गाठायला बघत होते.
"प्यायल्यासारखी करते," रुपेर्तो म्हणाला,
आणि हसायला गेला, पण हसू तोंडापर्यंत आलं नाही.

डोकं कललेलं नाही.
बुबुळं झोके घेत नाहीत.
म्हणजे कानाच्या आतला तो चिमुकला ओळंबा
जागेवर असावा.
मग मी तिचा पंजा उचलला, उलटा केला,
पाठ फरशीला टेकवली आणि मनात मोजू लागले.
धडधाकट कुत्रं एकसुद्धा म्हणू देत नाही.
आपला पाय कुठं आहे हे त्याला न बघता कळतं,
जसं अंधारात आपल्याला आपलं तोंड सापडतं.
चिस्पानं पाचावर पंजा सरळ केला,
कुणाचं तरी नाव आठवल्यासारखा.

पाठीचा कणा? मेंदूचा मागचा भाग?
मेंदूत डोकावणारं यंत्र विमानानं जायच्या अंतरावर,
आणि आज वारा असा की विमान उडणार नाही.
मी डोळ्यात बॅटरी धरली.
बाहुल्या मिटेनात.
भर दुपारी तिच्या डोळ्यांत रात्र उघडी पडली होती.
हनुवटीखाली लाळेचं तळं.

तेव्हा मी कुत्र्याकडं बघणं थांबवलं
आणि माणसाला विचारायला लागले.

घोड्यानं लाथ मारली?
नाही.
उंदराचं विष?
आम्ही ठेवत नाही.
मेंढ्यांना जंताचं औषध केव्हा पाजलंस?
"मार्चमध्ये."
आणि हिला?

तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं,
त्याचाच ट्रक होता.
"खरूज झाली होती. घोड्याची नळी उरलेली.
थोडंच दिलं."
किती थोडं?
त्यानं तर्जनीचं एक पेर दाखवलं,
दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मोजून,
नीट, प्रामाणिकपणे.

मी त्याला सांगितलं: हिच्या जातीत काहींच्या मेंदूला
दार असतं, कडी नसते.
घोडा जे गिळून चरायला जातो
ते इथं आत शिरतं आणि निघत नाही.
उतारा? नाही.
सलाईन, डोळ्यांत मलम, दर दोन तासांनी कूस बदलायची,
आणि वाट बघायची.
ती आठवड्याची असेल, जास्तीची असेल,
किंवा तिला शेवटच नसेल.

तो गेला नाही.
बाकावर बसून राहिला, माते पीत, थंड झालेलंच.
रात्री अडीचला मी उठून आले
तर त्यानं तिची कूस आधीच बदलली होती
आणि तिच्या मानेखाली आपली लोकरीची टोपी घातली होती.
मी नोंदवही उघडली. तारीख, वजन, लक्षणं.
'कारण' या रकान्यात औषधाचं नाव लिहिलं.
त्यानं वाकून वाचलं.
"माझं नाव नाही लिहिलंस?"
रकाना लहान आहे, मी म्हणाले.
याहून बरं उत्तर मला त्या रात्री सुचलं नाही,
आणि अजूनही सुचलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला झटके आले.
त्याबद्दल मी लिहिणार नाही.

नवव्या दिवशी सकाळी पंजा उलटा ठेवला.
रुपेर्तो मोठ्यानं मोजत होता, "उनो..."
आणि 'दोस' त्याच्या ओठांतच राहिला.

खाली सोडलं तिला.
ती दाराकडे निघाली आणि दाराशीच पोचली,
किंचित डावीकडे.
त्यानं ते उघडलं आणि वाऱ्याशी झोंबत
दोन्ही हातांनी धरून ठेवलं,
तिला लागेल तितका वेळ.