निवताना

वडी फुटली.
दहा मिलिमीटरची, पांढरी, रात्रभर भाजलेली;
सकाळी बघते तर मुशीत तीन तुकडे.

नेमगोंडा मगदूम खांद्यावरून डोकावले.
विद्यापीठात शिपाई व्हायच्या आधी
बावीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत होते.
"तापताना मोडत न्हाई काय, बाई.
निवताना मोडतंय."

खरंच. निव्वळ झिर्कोनिया
हजार अंशांच्या आसपास उतरता उतरता कूस बदलतो,
कण तिरके होतात, अंग फुगतं,
आणि फुगायला जागा नसते.

मग खलात यिट्रिया. शंभरात आठ.
दोन यिट्रियम जाळीत बसले
की ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते.
काकांना मी केएमटीची गाडी सांगितली:
दसरा चौकात पुढचा उतरतो,
त्याच्या सीटवर मागचा, त्याच्या सीटवर त्याच्या मागचा,
रिकामी सीट मात्र मागं मागं जात राहते.
"म्हंजे गाडी खच्चून भरली
तर कुणीच हलणार न्हाई."
हो, काका. तेवढंच आहे. तीन वर्षं तेवढंच करतेय.

या खेपेला मिनिटाला दोन अंश.
राजारामपुरीतली वीज दोनदा गेली,
आमची नाही गेली.
पहाटे आलेखात जोडशिखरं नाहीत,
सरळ एकेक रेघ.

काकांनी वडी कानाशी धरून
नखानं टिचकी मारली,
जशी ते बिडाला मारायचे.
आवाज स्वच्छ आला.

आता आठशे अंशांवर हजार तास.
नोंदवहीत त्यांच्याच अक्षरात:
तास पहिला. चहा आणायला गेलो.