अखत्यारीबाहेर

सतरा वर्षं मी दारं उघडत होतो.
खिशात कोर्टाचं वॉरंट, सोबत कुलूपवाला
आणि पिशवीत नवाकोरा मीटर:
आधी पैसे, मग उजेड.

डंडीच्या चढावरच्या त्या इमारतीत
जिने कायम ओले. टे नदीवरून वारा निघतो
तो थेट चौथ्या मजल्यावर राहायलाच जातो.
मिसेस रॅट्रे घरात होत्या.
कुलूपवाल्याने ड्रिल बाहेर काढलं
तसं त्यांनीच आतून कडी सरकवली.
म्हणाल्या, "दार कशाला बिघडवतोस रे,
दाराने तुझं काय केलंय?"

कोट घालून बसल्या होत्या. घरात. टोपीसकट.
थंडगार हीटरवर मोजे वाळत घातलेले,
निव्वळ सवयीने.
मी पाऊण तासात काम उरकलं,
कार्ड कसं भरायचं ते दाखवलं,
आणि सांगितलं, आत पाच पौंडांची उधारी आहे,
अडीनडीला असावी म्हणून.
"मग आधी तुला चहा टाकते," त्या म्हणाल्या.

नको म्हणायला हवं होतं मी.
किटली खदखदत होती
आणि मीटरवरचे आकडे माझ्या नावाने उतरत होते:
चार अठ्ठ्याण्णव.
चार सत्त्याण्णव.
मी दोन चमचे साखर घेतली.

लोक विचारतात, राजकारणात कसा काय पडलास?
सभेत मी बरंसं काहीतरी सांगतो.
न्याय वगैरे. आई तागाच्या गिरणीत होती, तेही.
खरं म्हणजे तो चहा
अजून घशाखाली उतरलेला नाही.

प्रचाराला तेच जिने चढलो, त्याच बुटांनी.
माणसं चेहऱ्याने ओळखत होती.
टकटक ऐकून कुणी कुणी दिवे मालवले,
आणि मालवायला दिवा होता
याचंच मला त्यातल्या त्यात बरं वाटलं.
दोनशे अकरा मतांनी निवडून आलो.
मॉरागने, बहिणीने, सूट घेऊन दिला.
बाह्या लांब होत्या.

कौन्सिलच्या सभागृहात हीटर इतके तापतात
की जानेवारीत खिडक्या उघडाव्या लागतात.
पहिल्याच बैठकीत मी मीटरचा विषय काढला.
मिस्टर पिटकेथली चष्मा पुसत, अगदी आदराने म्हणाले,
"सन्माननीय सदस्य, हे आपल्या अखत्यारीबाहेर आहे."

मग अखत्यारीत काय होतं?
वाचनालयाचे तास होते.
हिवाळ्यात तिथे म्हातारी माणसं पेपर वाचायला जातात,
म्हणजे बसायला. एकच पान दोन दोन तास.
आणि शाळेतला सकाळचा नाश्ता होता.
पैसे एकाचेच होते.

मी नाश्त्याच्या बाजूने हात वर केला.
बाही सरकली,
मनगटावरची जुनी खूण दिसली,
कुठल्यातरी मीटरच्या पत्र्याने कापलेली.
बाजूच्याने विचारलं, "लागलं का?"
नाही, म्हटलं, हे जुनं आहे.

वाचनालय आता साडेतीनला बंद होतं.
डिसेंबरात चारला इथे मिट्ट काळोख असतो.

फेब्रुवारीत चौथ्या मजल्यावर गेलो.
मिसेस रॅट्रेंनी दार अर्धंच उघडलं.
"मीटर बसवायला आलास की मत मागायला?"
सांगायला आलोय, म्हटलं.
वाचनालयाचं. त्यात माझाही हात होता.
त्या गप्प राहिल्या. कोट तोच, एक बटण नवं.
"पोरं खातात का रे सकाळी?"
खातात.
"सगळी?"
बहुतेक सगळी.
"बहुतेक," त्या स्वतःशीच म्हणाल्या,
मग माझ्याकडे न बघता,
"आणि साडेतीननंतर मी कुठे बसू,
तेवढं लिहून घे."

मी वही काढली. पेन थिजलं होतं,
तोंडाजवळ धरून फुंकर मारली.
आत, पॅसेजमध्ये, मीटरवर बासष्ट पेन्स होते.
चहा त्यांनी विचारला नाही,
आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच
कुणी न विचारल्याचा मान वाटला.

वहीत अजून तेवढंच आहे:
चौथा मजला, डावीकडचं दार.
साडेतीननंतर.