दुसरा लिव्हर

आमचा ट्रॅक्टर एकोणनव्वद सालचा.
मागं तीन दांड्यांची लिफ्ट, बाकी काही नाही.
वर घे, खाली सोड,
एवढंच त्याला कळायचं
आणि आबांच्या मते तेवढं पुरे होतं.

मग पलटी नांगर आला,
पलूसच्या एका शेडमधून, गंजावर रंग मारलेला.
त्याच्या सिलिंडरला दोन तोंडं,
एकातून तेल आत, दुसऱ्यातून बाहेर,
की लगेच उलट.
ट्रॉलीलाही जॅक बसवून झाला होता.
एवढ्या तोंडांना घालायला
आमच्याकडं तेल होतं, वाट नव्हती.

दस्तगीर मिस्त्री मिरजेहून यष्टीनं आले.
पिशवीत दोन लिव्हरांचा व्हॉल्व्ह,
पोरीच्या जुन्या स्वेटरात गुंडाळलेला.
"जुना हाय, पर आत एक वरखडा न्हाई," म्हणाले,
आणि बाही सोडवली.

सीटखालचं झाकण मी पहिल्यांदाच उघडं बघितलं.
आत मधाच्या रंगाचं तेल,
तळाशी एक वायसर,
जे शोधत आबांनी एक अख्खी दिवाळी घालवली होती.

मिस्त्री बोलत होते, आमच्याशी नाही, झाकणाशी:
"दाब हितनं घ्यायचा. परतीचं तेल हितं सोडायचं.
परतीचा पाइप मोठा पायजे.
जाताना कसंबी जातंय,
येताना अडलं की फुटतंय."
आबा म्हणाले, "माणसासारखंच की."
"न्हाई. माणूस फुटायच्या आदी वरडतो.
पाइप वरडत न्हाई."

लिव्हर कुठं बसवायचे यावर तासभर गेला.
उजव्या मडगार्डवर आबांची तंबाखूची डबी,
डाव्यावर आई बसायची, बाजारच्या दिवशी.
शेवटी डबी हलली.

अंधार पडला आणि लाइट गेली.
राहिलेला पाइप मोबाइलच्या उजेडात.
उजेड मी धरला होता.
हे मुद्दाम सांगतोय.
मध्ये एक मेसेज आला, मी वाचला,
एवढ्यात आटा बसल्याचा आवाज झाला.

नांगर झक्क पलटला. डावा, उजवा, डावा.
आई दारातनं "बास आता" म्हणेस्तोवर.
मग दुसरा लिव्हर मागं ओढला,
ट्रॉली बसूनच.
पुढं ढकलला,
तर उठली, सावकाश, कुरकुरत.

एक पाइप, दोन पाने, दहा मिनिटांचं काम.
पण तेल सांडणार, आणि मिरजेची शेवटची गाडी
कुंडल फाट्यावर आठला.
आबा म्हणाले, "राहू द्या. हात शिकंल."

हात शिकला.
धाकटीनं नेलपॉलिशनं लिहिलं,
पुढं "वर", मागं "खाली".
"खाली"चा काना ओघळून व्हॉल्व्हपर्यंत गेला.

बाकी कुठं काय झालं ते विचारू नका.
देवराष्ट्र्यात मामाचा नवा ट्रॅक्टर,
शेणखताची भरलेली ट्रॉली,
मी खाली घ्यायला म्हणून मागं ओढला
आणि सगळं खत डांबरी रस्त्यावर, लग्नाच्या वरातीपुढं.
मामा अजून मला चावी देत नाही.

चार हंगामांनी मिस्त्री परत आले,
नांगराचं सील गळायला लागलं म्हणून.
नेलपॉलिश बघितलं.
बोटानं ओघळलेल्या कान्यावरून खाली गेले.
"फिरवू का आता? हाय वेळ."

आबा काही बोलले नाहीत.
ते ट्रॉलीखालून तूर गोळा करत होते.

मी म्हणालो, "चाचा, त्या दिवशी उजेड माझा हलला होता."
"म्हाईत हाय," म्हणाले.
"तू मान खाली घातलीस, तवाच मला भोक दिसंना."
"मग बोलला का नाही?"
"गाडी चुकली असती."

पाना त्यांनी पिशवीत टाकला नाही.
दुसऱ्याच पाइपाच्या नटाला लावला,
जो गळत नव्हता,
पाव आटा पिळला,
आणि हात पुसायला फडकं मागितलं.