काचेला मनाई

बक्षीस आलं ते पहाटे पावणेतीनला,
सहारच्या हॉटेलातून, कंपनीच्या गाडीत, हेगिष्टेंच्या मांडीवर.
अंगावर अजून भाड्याचा कोट.
मी गेटवरच अडवलं.
लाल पट्टीच्या आत काच नेता येत नाही.
ना बांगडी, ना घड्याळ, ना चष्म्याची जादा जोडी.
नियम माझा नाही, पण बारा वर्षं
मीच तो म्हणते आहे.

हेगिष्टे म्हणाले, "मॅडम, हे याच किचनचं आहे."
म्हटलं, "काचेचंही आहे."

वहीत लिहिलं : बाह्य वस्तू, काच, नग एक.
वजन अंदाजे दोन किलो. आकार विमानाच्या शेपटीसारखा.
प्रवेश नाकारला. सही.

आता कबूल करायला हरकत नाही,
बिरड्यालाही मी तीनदा नाकारलं होतं.
मोड आलेलं कडधान्य म्हणजे ओल, ऊब आणि वेळ,
जिवाणूंना याहून चांगलं माहेरपण कुठलं?
शिवाय दर वाल हातानं सोलायचा.
हजार दोनशे ट्रे. मी गुणाकार करून दाखवला.
हेगिष्टेंनी गुणाकार ऐकला आणि वाल भिजत घातले.

मग मरोळ गावठाणातली फिलू परेरा,
वसईहून येणारी सुगंधा किणी,
आणि ओडिशाचा एक पोरगा,
ज्याला वाल म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं,
तोच सगळ्यांत भराभर सोलायचा :
चिमटीत धरायचा, दाबायचा, वाल सुळकन बाहेर,
साल बोटाला चिकटलेली.
निळे हातमोजे घालून हे होत नाही, बायका म्हणाल्या.
मी म्हटलं, जमवा.
जमवलं.

वर, पस्तीस हजार फुटांवर, जीभ बधिर होते.
मीठ तिला ऐकू येत नाही, गूळ तर नाहीच.
म्हणून इथे आमसूल चढं, मिरची चढी, नारळाचा रस दाट.
खाली चाखलं तर अंगावर येतं.
हेगिष्टे चमचा तोंडात घालून डोळे मिटतात
आणि मनातल्या मनात काहीतरी वजा करतात.
परीक्षकांसाठी वेगळं करा, जमिनीवरचं,
असा साहेबांचा निरोप होता.
ते म्हणाले, विमानातलं जेवण विमानातलंच द्यायचं.
एक परीक्षक ठसकला म्हणे.
दोन ग्लास पाणी प्याला, मग वाटी पुसून खाल्ली.
हे मला ड्रायव्हरकडून कळलं. हेगिष्टे काही सांगत नाहीत.

काचेवर कंपनीचं नाव कोरलंय, वर्ष कोरलंय.
वाल हा शब्द नाही.

तर ते राहिलं सुरक्षा चौकीत,
घाडगेंच्या टेबलावर, पासांच्या डब्याशेजारी.
चारला चहाची सुट्टी झाली तसे एकेक येऊ लागले.
बघायचं तर टोपी काढा, एप्रन काढा, बूट बदला,
परतताना सगळं उलट, वर कोपरापर्यंत हात धुणं.
अर्ध्या मिनिटाच्या दर्शनाला
दहा मिनिटांचं सोवळं.
फिलूनं हाताच्या पाठीनं शिवून पाहिलं.
"गार आहे," म्हणाली, "फ्रीजरसारखं."
ओडिशाच्या पोरानं फोटो काढला, त्यात घाडगेच जास्त आले.

सकाळी शिफ्ट सोडताना
मी ते दिव्याखाली उचलून पाहिलं, सवयीनं, तळापासून.
शेपटीच्या खाचेत
वालाची एक साल चिकटली होती.
पारदर्शक, नखाएवढी, अजून ओलसर.

बाह्य वस्तू. नग एक.
वही उघडली. वेळ लिहिली : सात वाजून सहा मिनिटं.
तेवढ्यात छपरावरून दोहाचं विमान गेलं,
टेबलावरचे पास थरथरले,
आणि घाडगेंनी विचारलं,
चहा घेता का.