इतर काही घेता का?

हेल्योचा आकडा वर चढेना.
दर मंगळवारी मी तिच्या बोटाला सुई टोचायची,
पट्टीवर थेंब ठेवायची,
आणि आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत राहायचो
यंत्र एक पूर्णांक चार म्हणेपर्यंत.
हवे होते दोन ते तीन.

हृदयाची लय चुकलेली,
आत कुठे रक्त गोठेल, गाठ सुटून मेंदूत जाईल, नेम नाही.
डॉक्टर तावेत रक्त पातळ करायची गोळी वाढवत गेले.
अर्धी. मग आणखी अर्धी.
"इतर काही औषध घेता का?"
"नाही," हेल्यो म्हणायची,
आणि छापील फॉर्मवर मी फुली मारायची.
ती खोटं बोलत नव्हती.

जानेवारीत बर्फाने तिचा रस्ता बुजला,
तेव्हा यंत्र पिशवीत घालून मीच गेले,
हीउमा बेटाच्या उत्तर टोकाला,
जिथे दुपारी साडेतीनला दिवे लावावे लागतात.
तुळईला उलट्या टांगलेल्या जुड्या,
पिवळी फुलं वाळून तपकिरी झालेली.
किटलीतून तिने मलाही कपभर दिलं.
तांबूस. घशाशी किंचित कडू.

"नाइस्तेपुना," ती म्हणाली.
म्हणजे बायकांचं लाल.
कळी चिरडली की बोटं रक्तासारखी माखतात.
जूनच्या सर्वांत लहान रात्रीनंतर
दव सुकलं की तोडायची,
थोडी मुळाशी राखून.
"दिवसाला तीन कप. एंडेल गेला तेव्हापासून.
त्या नोव्हेंबरात मी विहिरीच्या काठाशी उभी होते एकदा.
पाणी काढायला नव्हे."

मग हे सांगितलं का नाहीस?
"तू औषध विचारलंस," ती म्हणाली. "हा चहा आहे."

फोनवर तावेत बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, यकृत.
तो पाला यकृताला घाई लावतो,
गोळी पाटावर बसते न बसते तोच तिला उठवतो.
"पण एकदम थांबवू नको म्हणावं."
मी म्हटलं तसं. दोनदा म्हटलं.

हेल्योला लाज वाटली असावी,
सरकारच्या एवढ्या गोळ्या वाया घालवल्याची.
त्याच रात्री तिने सगळ्या जुड्या चुलीत घातल्या.
बाराव्या दिवशी दंडावर तळहाताएवढा डाग,
मध्ये जांभळा, कडेला पिवळा,
हिरड्यांतून रक्त,
आणि आकडा सात पूर्णांक दोन.

त्या रात्रपाळीत, ती सलाइनखाली झोपलेली असताना,
मी गोळीबद्दल वाचत बसले.
कुठेतरी समुद्रापलीकडे
गाईंनी बुरसलेलं गोड गवत खाल्लं होतं,
आणि शिंगं कापताना त्यांचं रक्त थांबेना.
त्या गवतातून ही.
ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात,
गोळीचंही कुणी विचारत नाही.
पांढरा कोट घातला की गवत डॉक्टर होतं,
तुळईला टांगलं की म्हातारीचं खूळ.
आणि दोघंही तिच्या आत
वर्षभर इमानाने काम करत होते,
एकमेकांच्या विरुद्ध,
आम्हाला न कळवता.

आता आकडा दोन पूर्णांक चार.
तावेत खूश आहेत.
हेल्यो खिडकीबाहेर बघत नाही, मांडीवरच्या हातांकडे बघते.
टालिनच्या मनोविकारतज्ज्ञांची तारीख एप्रिलची मिळाली आहे,
तोवर तिने काय करायचं, हे कुठल्याच फॉर्मवर नाही.

फॉर्मवर मी पेनाने एक ओळ वाढवली आहे:
चहा? पाला? कुणी दिलेलं, कुणी सांगितलेलं?
वरच्यांनी ती छापली नाही अजून.
मी दर वेळी हाताने लिहिते.

मंगळवारी ती दोन कपांत नुसतं गरम पाणी ओतते.
आम्ही फुंकर मारत पितो.
"हेही लिहून घे," ती म्हणते,
आणि बोट पुढे करते.