खुळखुळा

रुशिंगातल्या आमच्या बियाणेघरात
सत्तावन्न बरण्या भरलेल्या, एक रिकामी.
तिच्यावर माझ्याच अक्षरात: तितर चवळी.
ठिपक्याठिपक्यांची, कोरड्या सालीही शेंग धरणारी.
त्या वाईट वर्षी बेवड म्हणून ठेवलेलीसुद्धा शिजवून खाल्ली.
मग ट्रकमधून पुड्या आल्या,
मागे बारीक छापलेलं:
यातलं बी पुन्हा पेरू नये.

माइदेई म्हणाली, जोकोनिया, आवाज ऐक.
तिच्या मांडीवर तापुवा,
मुठीत भोपळ्याचा खुळखुळा, मेलेल्या नणंदेनं भरलेला.
खडे असे वाजत नाहीत, म्हणाली,
आणि दगडावर आपटला.

पोरगं जे रडलं!

अकरा दाणे. पाच किड्यांनी पोखरलेले.
सहा लावले न्हाणीच्या सांडपाण्यावर.
रुजले चार. एक शेळीनं खाल्ला.
उरलेल्या तिघांशेजारी मी खाट टाकली.

शेंगा वाळत होत्या तेव्हा साहेब आले, फॉर्म घेऊन.
वाणाचा मालक कोण?
बायका एकमेकींकडे बघत राहिल्या,
मग एकदम हसल्या.
तो रकाना मी कोराच ठेवला.

आमच्या वहीत मात्र कोरं चालत नाही.
नेलं त्याच्या दुप्पट परत, हा नियम
मीच भिंतीवर रंगवलाय.
म्हणून लिहिलं:
ऋणको, बियाणेघर.
धनको, तापुवा, वय तेव्हा दीड वर्ष.
घेतले अकरा, फेडले बावीस.

नवा खुळखुळा त्यानं कानाशी धरला,
हलवला,
बराच वेळ,
माल पारखून घ्यावा तसा.