खालचा आवाज

परळच्या धर्मशाळेची गच्ची.
दोरीवर पेशंटांचे सदरे, माझं पातळ,
आणि त्यांची ती कोंबडे छापलेली लांबरुंद फडकी.
नीमानं माझ्याकडे बघून म्हटलं, पोले.
मला ऐकू आलं, पोळलं?
मी म्हटलं, हो बाई, फार पोळलं.

झुबेदानं नंतर तिला विचारून सांगितलं,
ज्याचं दुखतं त्याला तिकडे असंच म्हणतात.
म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं.

नीमा म्बेयाची. तिची आटू सात वर्षांची,
रक्ताचं दुखणं, डोक्यावर केस नाहीत,
दिवसभर ती मला मामा म्हणते. मामा किरण.
अगं मामा नाही, मामी, मी सांगते.
तिकडे आईला मामा म्हणतात म्हणे. म्हणू दे.

संध्याकाळी कपडे घड्या करता करता नीमा
एक ओळ खाली सोडते, आडात पोहरा सोडावा तशी,
आणि तुसाजिग्वे, झैनाबू, गुडघा धरून बसलेली ती म्हातारी,
सगळ्या मिळून ती वर ओढतात.
पेटी नाही, ढोलकी नाही, टाळसुद्धा नाही.
फक्त टाचा. सिमेंटवर.

तू जात्यावरचं म्हण ना, झुबेदा म्हणाली,
तुमच्यात असतं की.
मी कुठून म्हणणार? आमच्याकडे गिरणी होती.
डबा डोक्यावर घेऊन रांगेत उभी राहायचे मी.
मला पाढे येतात. तीसपर्यंत.

मग नीमानं मला सगळ्यात खालचा सूर दिला.
एकच. हा धर, खुणेनं म्हणाली,
आम्ही जाऊ, येऊ, तू सोडू नकोस.
सलाइनची बाटली धरतात ना, स्टँड मिळत नाही तेव्हा,
हात भरून आला तरी खाली येऊ द्यायचा नाही,
तसा धरला.
मनात सतराचा पाढा चालू ठेवला. सतरा नव्वे त्रेपन्नासे
आलं तेव्हा त्या कुठल्या कुठे पोचल्या होत्या
आणि परत माझ्यापाशी उतरत होत्या.

झुबेदा मधेच थांबली.
वॉर्डातली आया, राहणार डोंगरी, आडनाव सिद्दी.
हा शब्द माझ्या नानीचा आहे, म्हणाली,
उरुसात बायका म्हणायच्या. अर्थ विचारला की नानी सांगायची,
अर्थ नाही गं त्याला, आपला आहे.
नीमानं तो तीनदा म्हणायला लावला,
मान हलवली. तिचाही नव्हता तो, दुसराच कुठला.
दोघी खूप हसल्या.
मग घेतलाच तो गाण्यात.

वॉचमन वर आला. तिसऱ्या मजल्याची तक्रार आहे.
हळू म्हणा, म्हणाला,
आणि टाकीला टेकून बसला.

रात्री यांच्या कॉटपाशी गेले.
यांचं काढलंय ते. डॉक्टरनी चित्र काढून दाखवलं होतं,
खाली नाव लिहिलं होतं, स्वरयंत्र.
बत्तीस वर्षं एसटी चालवली, घाटात
हॉर्नच्या आधी यांचा आवाज जायचा.
आता गळ्याला भोक, आणि पाटी-पेन्सिल.
सगळं सांगितलं यांना. पाटीवर लिहिलं: तू? गाणं?
मग म्हणून दाखव.

बाकीच्या नाहीत तर माझ्या भागात आहे काय?
तरी इकडेतिकडे बघून, तोंड मिटून,
धरला तो.
कसंतरीच वाटत होतं, एकटाच खांब उभा,
वर घर नाही.

हे हसले नाहीत.
पंजा उचलला आणि माझ्या गळ्यावर ठेवला,
डेपोत बॉनेटवर ठेवायचे तसा, डोळे मिटून,
बराच वेळ.
नर्स येऊन थर्मामीटर झटकून गेली.
आटू, नीमा, गच्ची सगळं माझ्या घशात थरथरत होतं,
मी सतराचा पाढा पुन्हा पहिल्यापासून घेतला.

मग यांनी हात काढला, पाटी ओढली,
बोटानं पुसली, आणि लिहिलं:
इंजिन बरं आहे.
दुसऱ्या गिअरवर आहेस.